बापूस मेला, वडील वारले

"बाई, माझा बापूस मेला."

एवढंच बोलले होते मी. सहावीत होते. घाटकोपरची शाळा, वर्गात पोरं बहुतेक सोसायट्यांमधली. मी विक्रोळीच्या टेकडीवरच्या वस्तीतून यायची. बापूस कामाला होता त्या कंपनीतल्या कुणा साहेबाची चिठ्ठी घेऊन त्याने मला तिथे चिकटवली होती. बरेच दिवस मी शाळेत नव्हते, म्हणून हजेरी घेताना बाईंनी विचारलं, कुठे होतीस इतके दिवस. मी उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आमच्या वर्गशिक्षिका त्याच आणि मराठीही त्याच शिकवायच्या. मला वाटलं, आता उठून जवळ येतील. आमच्या वस्तीत कुणाकडे मयत झालं की शेजारची बाई आधी येऊन हात धरते आणि मग बोलते. मी हात थोडा पुढे पण केला होता. ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

"बापूस काय? वडील म्हणावं," बाई म्हणाल्या. "आणि मेला नाही म्हणायचं. कुत्रं मरतं. माणूस वारतो. म्हण बघू, माझे वडील वारले."

"माझे वडील मेले."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी भुंकलं. खरंच भुंकलं, भू भू करून. बाई त्याला गप्प बस म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडावर पण हसू होतं.

"वारले. पुन्हा म्हण."

"माझे वडील वारले."

"मोठ्याने. मागे ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्याने म्हटलं. मागे ऐकू गेलं.

"आता कसं! बस." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

बस. संपलं. मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले आणि वाट बघत राहिले, की कुणीतरी विचारेल, काय झालं होतं गं त्यांना. कुणी विचारलं नाही. माझ्या बाकावरची पोरगी एवढंच म्हणाली, "तुमच्यात असंच बोलतात का?" चाळीस-पन्नास पोरांना माझं वाक्य चुकलेलं कळलं होतं. माझा बाप मेलेला कुणाला कळला नव्हता. घंटा झाली तसा मी डबा बंद केला.

घरी आले तर आई रडत होती. बापसाच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, गावची माणसं परत गेली होती, आणि आता ती एकटी सापडली की रडायची. आमची आई कोकणातल्या बौद्धवाडीतली. तिचं रडणं पण गावचं होतं, लांबच्या लांब, सुरात. "मेलास तो मेलास, मना पन घेऊन जायाचास. ह्या पोरीला कुनाच्या दारात उभी करू रे मी." मी दाराशी दप्तर टाकलं आणि ऐकत बसले. बाईंनी शिकवलेलं ताजं होतं ना डोक्यात. मी ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, वारलास रे. तुम्ही वारलात हो. जमेना. आईच्या सुरात ते बसेचना. वारले म्हणून रडताच येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

एक मात्र ठरवलं. परत या वर्गात माझ्यावर कुणी हसणार नाही.

मग मी कान लावून बसायला लागले. सोसायटीतल्या मैत्रिणी, म्हणजे मैत्रिणी कसल्या, ज्या बाजूला बसू द्यायच्या त्या, त्या काय बोलतात, त्यांच्या आया शाळेच्या गेटवर काय बोलतात, कुठल्या शब्दाच्या मागून कुठला शब्द येतो. नुसता शब्द येऊन उपयोग नसतो. शब्द मलाही यायचे. वडील हा शब्द काय मला माहीत नव्हता? पण वडिलांच्या मागून मेला येत नाही, हे माहीत नव्हतं. तिथेच आमच्यासारख्यांची वाट लागते.

भूक लागते. तहान लागते. ठेच लागते, झोप लागते, नंबर लागतो. राग मात्र येतो. राग लागत नाही. का? कुणाला सांगता येत नाही. मी एकदा बाईंनाच विचारलं, तर म्हणाल्या, "असंच असतं ते. कानाला कळतं." आमच्या गावात आमची वाडी सगळ्यात शेवटी, ओहोळाच्या पलीकडे का, असं मी लहानपणी आज्याला विचारलं होतं. तोही हेच म्हणाला होता. असंच असतं ते. शब्दांच्या पण सोयरिकी ठरलेल्या असतात. कोण कुणाच्या घरात जाणार, कुणाच्या पंगतीला बसणार, सगळं आधीच ठरलेलं. आणि बाहेरच्याने विचारायचं नसतं.

मी विचारणं सोडलं आणि पाठ करायला लागले. आमच्याकडे भात शिजवायचे, त्यांच्याकडे कुकर लावायचे. आमच्याकडे बाईला पोर व्हायचं, त्यांच्याकडे गोड बातमी असायची. आमच्याकडे बाप्ये दारू प्यायचे, त्यांच्याकडे कधीमधी घ्यायचे. आमच्याकडे भांडण व्हायचं आणि सगळ्या वस्तीला कळायचं. त्यांच्याकडे मतभेद असायचे. हसू नका, मी हे सगळं खरंच असं शिकले आहे. भाजीबाजारात बायकांच्या मागे मागे चालून शिकले आहे.

दहावीला मराठीत शाळेत पहिली आले. बाईंनी पेढा दिला. म्हणाल्या, "बघ, मी तुला तेव्हा रागावले नसते तर?" मी त्यांच्या पाया पडले. आता हे सांगताना दात आवळले जातात, पण पडले होते हे खरं आहे.

पुढे बी.ए., एम.ए., मराठीच घेऊन. नोकरी काही धड लागली नाही. शिकवण्या करत राहिले. इंग्रजी शाळांमधल्या मराठी पोरांना मराठी शिकवायचं. मुलुंडला एका घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या घरची बाई माझ्यावर खूश. "किती छान बोलता हो तुम्ही! पुण्याच्या का?" म्हटलं, नाही, विक्रोळीची. "हो का? चहा घेणार ना?" म्हटलं, घेईन. मग आधण ठेवता ठेवता तिने विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी काही म्हणालेच नव्हते. तेव्हा सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली. चहा आला तो कागदी कपातून. फ्रीजवर ते कप रचून ठेवलेले होते, गॅसवाला, कुरियरवाला, त्यांच्यासाठी. तिच्या स्वतःच्या हातात चिनीमातीचा कप होता. ती एक शब्द वाकडा बोलली नाही. पुढच्या महिन्यात पोराची शिकवणी बंद झाली, परीक्षा जवळ आली म्हणून. परीक्षा जवळ आल्यावर शिकवणी बंद करणारे आईबाप मी तेवढेच पाहिले.

इकडे वस्तीत वेगळंच. मी बोलायला लागले की बायका पदर सावरून बसायच्या. "बाई आल्या," म्हणायच्या. टोमणा नव्हता तो, मान द्यायच्या बिचाऱ्या. पण माझ्यासमोर कुणी मोकळं बोलेना. मी पाण्याच्या रांगेत उभी राहिले की गप्पांचा आवाज उतरायचा. मी नाहूरला एक खोली भाड्याने घेतली, क्लासला सोयीची म्हणून. आईला चल म्हटलं, ती आली नाही. फोनवर बोलायचो. एकदा मी फोन केला, "आई, जेवण झालं का तुझं?" तर म्हणाली, "तू हायस काय? मना वाटला ब्यांकेतना फोन आला." ती हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मी त्या खोलीत इकडून तिकडे फिरत राहिले. तेव्हा लक्षात आलं की आठवडाभर मी कुणाशी माझ्या आईच्या बोलीत एक वाक्य बोललेले नाही. आणि बोलायचं म्हटलं तर आता जीभ वळत नव्हती.

आई गेली ती दिवसाढवळ्या, वस्तीतल्याच घरात, पंख्याखाली बसल्या बसल्या. शेजारच्या शेवंताकाकूने मला बोलावून घेतलं. आले, पाहिलं, आणि मग गावाला मामाला फोन लावला. काय बोलायचं ते माझ्या तोंडात तयारच होतं. इतकी वर्षं तयार होतं.

"मामा, आईचं निधन झालं."

"कोन बोलतंय?" मामा म्हणाला. "हापिसातना काय?"

"मामा, मी आहे. आईचं निधन झालं आज सकाळी."

"कुनाच्या आईचा? कोन हवाय तुमाला?"

त्याला कळेना. माझा मामा, मला खांद्यावर घेऊन फिरलेला. त्याला माझा आवाज ओळखता येईना आणि मला दुसरं वाक्य सापडेना. शेवटी शेवंताकाकूने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "दत्तू, अरे तुजी भैन मेली रे." आणि फोनमधून मामाचा हंबरडा आला. काकूही रडायला लागली. घरातल्या सगळ्या बायका रडायला लागल्या. आईच्या उशाशी मी उभी होते, कोरडी. निधन झालं असं म्हटल्यावर कोण रडतं? माणूस फार तर दोन मिनिटं उभा राहतो. मी तशीच उभी राहिले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. एकटीचं जेवण एकटीने करायचं, एकटीने जेवायचं. क्लास होते म्हणून जगले म्हणा.

क्लास आता मोठ्या माणसांचे होते. बाहेरून आलेले लोक, बँकेतले, दुकानातले, त्यांना बोलायचं मराठी शिकवायचं. त्यात माझा हात बसला होता, कारण मीही ही भाषा बाहेरूनच शिकले होते. मी त्यांना सांगायची, एकटा शब्द घेऊ नका. जोडीने घ्या. भूक म्हटलं की लागली. राग म्हटलं की आला. पाऊस पडतो, थंडी वाजते, ऊन लागतं. थंडी कशी काय वाजते, असं विचारत बसू नका, माझं डोकं पिकलं त्यात. सरळ म्हणा, मला थंडी वाजते.

अशात मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलने मला बोलावलं. तिथे नर्स बऱ्याचशा केरळच्या, काही ईशान्येकडच्या. पेशंटशी मराठीत बोलता यावं म्हणून दुपारचा क्लास. तळघरात चादरी-अभ्र्यांची खोली होती, तिच्या शेजारी एक फळा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. ड्युटी संपवून बायका यायच्या, पाय बुटांतून काढून बसायच्या. लिन्सी नावाची एक सीनियर नर्स होती, चाळिशीची, जनरल वॉर्डची इनचार्ज. ती म्हणायची, "टीचर, मला आज फार राग लागला." मी म्हणायची, आला. ती म्हणायची, "नाही टीचर, हा राग लागलाच." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. पुष्कळ दिवसांनी मी माणसांमध्ये बसून हसत होते. त्या क्लासची मी वाट बघायला लागले होते, हे कबूल करते. घरी नाहूरला जाऊन काय, भिंती.

हॉस्पिटलच्या पेशंट सेवेच्या प्रमुख होत्या एक मॅडम. आमच्याच भाषेच्या. म्हणजे मराठी. साडी नेहमी सुती, कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं कौतुक केलं होतं, "इतकं शुद्ध मराठी हल्ली आमच्यातही कुणी बोलत नाही." आमच्यातही. मी ऐकलं आणि सोडून दिलं. सोडून द्यायची सवय असते.

एका दुपारी त्या क्लास सुरू व्हायच्या आधी खाली आल्या. हातात छापलेला कागद. "आता हे घ्या शिकवायला. रोजची वाक्यं आहेत. दोन रकाने केलेत, डिलक्स आणि जनरल."

मी वाचायला लागले. डिलक्सच्या खाली: आपल्याला बरं वाटतंय ना? जनरलच्या खाली: काय होतंय? डिलक्स: आपण जरा बाहेर बसता का? जनरल: बाहेर थांब. असं खालपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी, डिलक्स: आपले वडील आता आपल्यात नाहीत, आम्हाला अतिशय दुःख होत आहे. जनरल: पेशंट मेला. बॉडी कधी नेणार?

मी ती ओळ पुन्हा वाचली. कागद हातात तसाच धरून ठेवला.

"हे असं का मॅडम?"

"अहो, गरज आहे," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे, वाईट माणसासारख्या अजिबात नाही. "मागे आमच्या एका नर्सने पेशंट एक्सपायर झाला म्हणून सांगितलं. त्या बाईला कळलंच नाही. डबा घेऊन बसून राहिली बाहेर. शेवटी वॉचमनने सांगितलं तिला. मेला म्हटलं की लगेच कळतं. त्यांच्यात तसंच म्हणतात ना." आणि मग आवाज जरा खाली आणून, जवळिकीने, "तुम्हाला तर माहीतच आहे. म्हणूनच तुमच्याकडे दिलं."

मला आठवलं ते सहावीचं बाक आणि ते भुंकणं. ज्या शब्दावरून मला वर्गात उभं केलं, जो माझ्या तोंडातून खरवडून काढला, इतका की आईच्या मयताला तो मला आठवला नाही, तोच शब्द आता छापून आला होता. आमच्यासाठी. आमच्या तोंडावर टाकायला. मी म्हटला तेव्हा घाण. त्यांनी आमच्यासाठी निवडला तेव्हा सोय.

एवढ्यात बायका यायला लागल्या. मॅडम मागच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "चालू द्या, मीही बघते."

मी फळ्याकडे तोंड केलं. खडू हातात. काय करायचं सुचेना. घर भाड्याचं आहे, हा क्लास सुटला तर दुसरा कधी मिळेल माहीत नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आठवड्यातून ज्या काही दुपारी माणसांत जातात त्या याच. हे सगळं डोक्यातून गेलं. नाही गेलं असं सांगणारे खोटं बोलतात.

मी फळ्यावर लिहिलं, तुमचे वडील गेले. वळून म्हटलं, "कुणी दगावलं तर हे सांगायचं. वडील, आई, नवरा, जे असेल ते. सगळ्या मजल्यांवर हेच."

"तसं नाही हो चालणार," मॅडम मागून म्हणाल्या. "जनरलमध्ये गेले म्हटलं तर विचारतील, कुठे गेले, एक्सरे काढायला?"

दोघी-तिघी हसल्या. मॅडम हसल्या म्हणून हसल्या, समजलं असेल नसेल. लिन्सी हसली नाही.

आणि मग मी बोलले. ठरवून नाही बोलले. आईच्या वेळेपासून जे आत अडकलं होतं तेच बाहेर आलं.

"मॅडम, माझा बापूस मेला तेव्हा मी सहावीत होते."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी माझ्या तोंडून असला शब्द कधी ऐकला नव्हता. मी पण ऐकला नव्हता, सहावीनंतर.

लिन्सीने मान पुढे काढून विचारलं, "काय झाला होता त्यांना, टीचर?"

तिचं वाक्य चुकलं होतं. मी सुधारलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता आणि तो विचारायला केरळची बाई यावी लागली होती, जिला राग लागतो की येतो हे अजून ठाऊक नाही.

"छातीत कळ आली," मी म्हटलं. "कंपनीत कंत्राटावर हमाल होता. गोणी पाठीवर होती. गेटातच खाली बसला आणि मेला. कंपनीच्या डॉक्टरने हात लावला नाही, कंत्राटी म्हणून."

लिन्सीने खुर्ची सरकवली आणि उठून माझ्यापाशी आली. माझा खडूचा हात धरला. मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत, फळ्यासमोर, बापासाठी आणि आईसाठी एकदमच रडले मी. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या भावना मला कळतात. पण ही क्लासची वेळ आहे. कागदावर आहे तेवढं शिकवा."

मी नाक पुसलं.

"मॅडम, मेला हा शब्द आमचा आहे. आम्ही तो आमच्या माणसाला म्हणतो, छाती पिटून म्हणतो. तो तुम्ही आमच्या दारात येऊन आमच्याशी बसून म्हणालात तर चालेल. पण वरती दुःख होत आहे आणि खाली बॉडी कधी नेणार, असं मी कुणाला शिकवणार नाही. शब्द कुणाच्या तोंडात आहे ते पण बघावं लागतं. हे मला तुमच्याच लोकांनी शिकवलंय."

"तुमच्याच लोकांनी म्हणजे?" मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "इथे जातपात कुठे आली? मी एवढ्या मोकळेपणाने तुम्हाला घेतलं."

"मेहरबानी," मी म्हटलं. "पण हे होणार नाही माझ्याच्याने."

"मग आम्हाला दुसरी टीचर बघावी लागेल."

"बघा."

कागद मी त्यांच्या हातात परत दिला. फाडला-बिडला नाही. फळ्यावरचं वाक्यही पुसलं नाही, तुमचे वडील गेले, ते तसंच ठेवून पर्स उचलली. लिन्सी दारापर्यंत आली. तिची नोकरी तिथे होती, तिला आणखी काय करता येणार. जिना चढून रस्त्यावर आले. दुपारचं ऊन होतं. नाहूरपर्यंत चालत गेले.

त्या हॉस्पिटलने परत बोलावलं नाही, हे सांगायला नको. आणखी एक क्लास ठरत आला होता तोही राहिला. मॅडमची ओळख असेल किंवा नसेल, मी चौकशी केली नाही. फोन शांत झाला. खोलीत मी आणि पंखा. काही दिवस वाटलं, काय मिळवलंस बाई तू? एक शब्द म्हणालीस आणि होती तेवढी माणसं पण घालवलीस. एकटेपणा काही पळून गेला नाही. तो आहे. आता लिहितानाही समोर बसलेला आहे.

मामाला मात्र मी फोन केला. म्हटलं, "मामा, मी बोलतंय." चाचरत बोलले. जीभ अडखळली, शब्द आठवत नव्हते, मधेच पुस्तकातला घुसायचा. मामा म्हणाला, "हापिसातली पोर अजून हाय तुज्यात." पण त्याने ओळखलं. आता मी आईची बोली परत शिकते आहे, जशी बाईंची शिकले होते तशीच, जोडी जोडीने, कान लावून. वय झालं, पटकन येत नाही. आली नाही पुरती तरी सोडणार नाही.

विक्रोळीला वस्तीतल्या विहारात मी आता क्लास घेते. थोडी माणसं येतात. बाहेरच्या गावांची, पोटासाठी मराठी शिकणारी. पहिल्या दिवशी मी त्यांना भूक लागते, थंडी वाजते शिकवत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहिते: माझा बापूस मेला. आणि सांगते, हे वाक्य बरोबर आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याची भाषा तपासायची नाही. त्याला विचारायचं, काय झालं होतं. विचारता येत नसेल तर हात धरायचा. ते जमल्याशिवाय पुढचा धडा नाही.

शाळेतल्या त्या बाई आता कुठे असतात मला माहीत नाही. असतील किंवा नसतील. नसतील तर त्या वारल्या, असंच मी म्हणेन. त्यांच्या घरचा शब्द त्यांना. त्याला माझी ना नाही. माझा बापूस वारला नाही, त्याचं निधन झालं नाही, त्याला देवाज्ञा झाली नाही. तो मेला. पाठीवर गोणी असताना, कंपनीच्या गेटात, कुणी हात न लावता मेला. आणि हे वाक्य आता मी कुणालाही सुधारू देणार नाही.